रुजार, तुझं जाळं मी कापलं नाही

चोपड्यापासून शापोरा नदीच्या तोंडापर्यंत माझ्यासारखा पाग टाकणारा दुसरा नाही. परवा माझ्याच पागाच्या जाळ्यात माझा पाय अडकला आणि त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा म्हणून मीच पाण्यातून बाहेर आलो.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. मग खोकला असतास. खोकला थांबल्यावर म्हणाला असतास, "बाबल, लागलां मरे तुका?" हेच तुझं मला कधी पटलं नाही. हसायचं तर हसावं माणसाने. हसून झाल्यावर लागलं का म्हणून विचारणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. त्याच्या मनात काय असेल, कोण जाणे.

हे मी बोलतोय आणि सून लिहितेय. मीही शाळेत गेलो होतो, नाही असं नाही. मास्तरांच्या माडांना पाणी घालायला. सून म्हणाली, "बाबा, गेलेल्या माणसावर लिहितात तेव्हा जन्म कुठे, मुलं किती, ते आधी घालतात." मी म्हटलं, ते त्याला ठाऊक आहे. त्याला जे कधी सांगता आलं नाही ते मला सांगायचंय.

तुझं जाळं मी कापलं नाही, रुजार.

इतकी वर्षं हे वाक्य मी गालात सुपारी धरावी तसं धरून आहे. रस कधीच संपला, पण थुंकायला जागा मिळाली नाही. आता तू मातीत गेलास आणि मी तोंड उघडलंय. माझं सगळं असंच. भरतीला झोपतो आणि ओहोटीला होडी काढतो.

आपल्या वाड्यावर क्रिस्तांवांचं घर तुझं एकटंच. तुझ्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण, कोपऱ्यावर तुझा चिऱ्याचा खुरीस, म्हणजे क्रूस. रोज तिन्हीसांजेला तू त्याच्यासमोर मेणवात लावायचास आणि माझी पार्वती त्याच वेळी तुळशीसमोर दिवा लावायची. वारा आला की दोन्ही विझायचे. मग काडेपेटी कोणाकडे सुकी आहे ते कुंपणावरून विचारायचं. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझं त्यात लक्षही नव्हतं.

माझं लक्ष गेलं ते इंत्रुजाच्या मंगळवारी. इंत्रुज संपला की तुमचे उपासाचे चाळीस दिवस लागतात. मग तू ईस्टरपर्यंत फेणीला शिवत नसायचास. म्हणून त्या शेवटच्या दिवशी सगळ्या वाड्याला तुझ्या बलकांवात, पुढच्या ओट्यावर, बोलावणं असायचं. उकडलेले चणे आणि ग्लास. त्याच दिवशी दुपारी आपलं भांडण झालं होतं. वळणावर खारफुटीखाली शेवटा माशांचा थवा येतो, त्या जागेवरून. तू म्हणत होतास, "हांवें पयलें जाळें घाललें." मी म्हणत होतो, जागा माझ्या आज्याची. माझा आजा गाडीवान होता, नदीत कधी उतरला नाही. पण भांडताना आजा उपयोगाला येतो.

संध्याकाळी माझ्या पोटात दोन ग्लास गेले आणि मी उभा राहिलो. सगळ्यांसमोर म्हटलं, "रुजार, उद्या तुझं जाळं कापतो आणि माझ्या नातवाला झोपाळा करतो!"

सगळे हसले. तूही हसलास. माझं बोलणं आयुष्यात एकदाच खरं झालं, आणि ते नेमकं हेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू पूल ओलांडून मिसाला, तुमच्या देवळातल्या प्रार्थनेला, गेलास. परत आलास तेव्हा कपाळावर राख होती, आमच्याकडे विभूती लावतात तशी. काठावर बांबूंवर सुकत टाकलेल्या तुझ्या जाळ्याच्या चिंध्या लोंबत होत्या. उंदराचं काम नव्हतं, कुर्ल्यांचंही नव्हतं. कोयत्याने सरळ ओढून कापलं होतं. वाडा गोळा झाला. सगळ्यांनी आधी जाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शहाणा माणूस अशा वेळी गप्प राहतो. मी म्हटलं, "एवढा मोठा झोपाळा नको होता मला."

कोणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं, आपण मेलो.

कोणीतरी तुला म्हणालं, पेडण्याला जाऊन पोलिसात सांग. तू म्हणालास, "पुलीस येतले, बरें. जाळें कोण विणतलो? ते?" सगळ्या चिंध्या गोळा केल्यास, खांद्यावर टाकल्यास आणि घरी निघालास. जाताना माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, नुसतं बघितलंस. त्या बघण्यावर मी किती विचार केला असेल, विचारू नको. माझ्यामागे वाड्यावरच्या दाजीची गाय उभी होती. कदाचित तिच्याकडेही बघितलं असशील. पण गायीने तुला कसली धमकी दिली नव्हती.

त्या उपासाच्या दिवसांत तू दिवसा दुसऱ्याच्या होडीवर मजूर म्हणून गेलास, स्वतःची होडी काठावर उपडी ठेवून. संध्याकाळी बलकांवात बसून सुई चालवायचास. फेणी नाही, मांस नाही, आणि तुझ्या तोंडून एक शिवीही नाही. ती शिवी नाही, याचंच मला भय. मला कोणी असं केलं असतं तर मी नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असा ओरडलो असतो. जो ओरडत नाही तो काहीतरी साठवतोय, असा माझा हिशोब.

मग एक दिवस कुंपणावरून हाक आली. "बाबल, यो मरे. हें एक तोंक धर."

रुजार, वाड्यात एवढी माणसं असताना मलाच का बोलावलंस? मी आलो, पण सापळ्यात पाय टाकावा तसा. कापलेलं टोक तू माझ्या हातात दिलंस. मला वाटलं, माझी बोटं बघतोस, ओळखीची होतात का. मी ते टोक असं धरलं की जसं आयुष्यात जाळं बघितलंच नाही. तू म्हणालास, "कितें रे, इंगळो धरला काय?" आणि मला गाठ मारायला लावलीस. माझ्या गाठी तशाच, अर्ध्या सैल. त्या सोडून पुन्हा मारशील असं वाटलं. तू नाही सोडल्यास. त्या तशाच जाळ्यात राहिल्या. पुढे त्या भागातून मासे जायचे आणि तू म्हणायचास, "बाबल्याचें दार उकतें आसा." मी हसायचो. आणि रात्री कूस बदलत विचार करायचो, गाठी ठेवल्यास त्या पुरावा म्हणून तर नाही?

ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी आमच्या घरात मासे शिजत नाहीत, हे तुला ठाऊक. मंगळवारी सकाळी आमच्या गेटाला माडाच्या पातीत ओवलेला एक शेवटा लटकत होता.

मी इकडे तिकडे बघितलं. कोणी नाही. शेवटा उचलून शर्टाखाली लपवला आणि आत नेला. पार्वती म्हणाली, "खंयसून आणलात?"

"गेटाला होता. रुजारचा."

"मग आणा हंय."

"आधी मांजराला घाल."

तिने माझ्याकडे बघितलं, पण घातला. मांजर मेलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत गेटावर येऊन बसू लागलं.

विष नव्हतं, एवढं कळलं. मग दुसरी शंका. हे माफीचे मासे. तू ठरवून टाकलं होतंस की जाळं बाबल्याने कापलं, आणि तुमच्या देवाने सांगितलंय तसं तू मला माफ करत होतास. दर आठवड्याला, पातीत ओवून. केलेल्याची माफी मिळाली तर माणूस निदान मान खाली घालून घेतो. न केलेल्याची माफी कुठे ठेवायची? तळून खाल्ली मी. छान लागली. त्याचाही राग आला.

सोमवार तू विसरत नव्हतास. आठवड्याची पाळी सोमवारी आली तर माशाच्या जागी पदेराच्या भट्टीतली गरम पोय, तुमचा पाव, कागदात बांधलेली. आमच्या आईच्या वेळेला पाव खाल्ला की माणूस बाटतो असं म्हणायचे. माझ्या डोक्यात दोन्ही जुळलं. माशाने तोंड बंद करायचं आणि पोयीने धर्म फिरवायचा. मी सरळ येऊन विचारलं, आठवतंय? खुरसाकडे तू वात लावत होतास.

"रुजार, आमका क्रिस्तांव करूक बघतंस काय?"

तू काडी विझवलीस. "तुका? तुका घेवन आमी कितें करतले, बाबल? आमच्यात पिशे पयलींच जाय तितके आसात."

तुझी आनमरी, आमची वयनी, आतून हसली. मी पोय घेऊन घरी आलो. माझा संशय गेला नाही, पण भूक होती.

मी सांगायचा प्रयत्न केला, रुजार. एकदा नव्हे. होडीत तू आणि मी दोघेच होतो, कोणी ऐकायला नव्हतं. मी म्हटलं, "त्या जाळ्याचं, रुजार..."

"खंयच्या?"

"त्या कापलेल्या."

तू वल्हं थांबवलंस. "जालें तें जालें. हांवें माफ केलां."

"कोणाला?"

"जाणें केलां ताका."

आणि पुन्हा वल्हवायला लागलास. मी काय करायचं त्यावर? मी नव्हे म्हणालो, तर तू म्हणशील, तुला कोणी विचारलं? गप्प बसलो, तर मीच. मी इतका घायकुतीला आलो की उभा राहिलो, होडी कलंडली, आणि पोहता येत नसल्यासारखा ओरडलो. तू काष्टीला धरून मला वर घेतलंस. "लागलां मरे?" झालं. गोष्ट तिथेच बुडाली.

मग मला तो ताप आला, सांधे धरणारा. चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. तेव्हा तू स्वतःचं जाळं ठेवून माझा पाग घेऊन पाण्यात उतरलास. मी जनेलातून बघत होतो. खरं सांगू? नजर ठेवत होतो. किती मिळतं, किती देतो. तू सगळं पार्वतीच्या टोपलीत ओतलंस. काळुंदरं, सुंगटं, एक मुड्डोशी. शेवटी पिशवी उलटी करून झटकलीस. जणू तुला ठाऊक होतं की मी बघतोय.

त्याच दिवसांत तुझा मुलगा बोटीवर होता आणि त्याची खबर नव्हती. वयनी खुरसासमोर गुडघे टेकून बसायची, आणि तू गुडघाभर पाण्यात माझ्या घरासाठी. पुढे मुलगा सुखरूप आला, तुझ्या सायबिणीचे, मेरीमातेचे, उपकार. पण त्या वेळी तुला ते कुठे ठाऊक होतं? मी पार्वतीला म्हटलं, "ह्याच्या मनात काय असेल?" ती म्हणाली, "तुमच्या मनात काय आसा ता आधी बघा." ताप असल्यामुळे मला ते न ऐकल्यासारखं करता आलं.

आज हे बोलताना वाटतं, तू पाण्यात उभा होतास तेच पुरे होतं. मला ते पुरलं नाही. मला त्याच्या खालचा गाळ बघायचा होता.

मग तुझी छाती बसली. खोकला तुला नदीवर जाऊ देईना. मी बघायला आलो तेव्हा खाटेवर अगदी लहान दिसलास, पोरासारखा. वर सायबिणीची तसबीर, खाली दिवा. मी ठरवून आलो होतो. आज बोलायचंच. तू हाताने जवळ बोलावलंस आणि तूच आधी बोललास.

"बाबल, जाळें तूं व्हर."

ते जाळं. तुझं विणलेलं, माझ्या सैल गाठींचं. तू मला दिलंस. माझ्या डोळ्यांसमोर वाडा उभा राहिला. आधी कापलं आणि आता लाटलं. तोंडात वाक्य तयार होतं. मी नाही कापलं, रुजार. पण बाहेर काय आलं? "त्यात माझं दार उघडं आहे, मासे आत येतील ते माझ्यासारखेच पळपुटे."

तू हसलास. हसण्याने उबळ आली, आणि वयनीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं. बघ, तिथेही मी विनोद करून आलो.

तुझ्या पेटीला मी खांदा दिला. आमच्याकडे खांदा देताना रामाचं नाव घेतात. अर्ध्या वाटेवर सवयीने माझ्या तोंडातून ते निघालं, चांगलं मोठ्याने. पुढे चालणाऱ्या पाद्रीने मान वळवून बघितलं. मला वाटलं, संपलं, आता तुझं स्वर्गाचं दार माझ्यामुळे बंद. पाद्री पुन्हा पुढे बघून चालू लागला. मागून दाजीनेही हळूच राम म्हटलं, मग आणखी कोणी. तुझ्या शेजाऱ्यांनी तुला दोन्हीकडून पोचवलं, रुजार. आवडलं नसेल तर आम्हाला माफ कर. त्यात तुझा हात बसलेला आहे.

सातव्या दिवसाची मीस झाली. तोवर वयनीने जाळं माझ्याकडे पाठवून दिलं होतं. मी ते हात न लावता पडवीत ठेवलं होतं, पाहुण्यासारखं. काल सकाळी ते खांद्यावर घेतलं आणि कुंपण ओलांडून तुझ्या घरी गेलो. तुला सांगायचं राहिलं ते वयनीला सांगायचं, जाळं परत द्यायचं, मग तिने काय म्हणायचं ते म्हणावं.

वयनी बलकांवात बसून सुकी सुंगटं निवडत होती. काळा झगा, पाय पुढे पसरलेले.

"वयनी, जाळं घ्या परत."

"कित्याक? भोकां पडलीं?"

"भोकं होतीच, माझी. ते नव्हे." मी जाळं खांद्यावरून हातात घेतलं. "त्या वर्षी जाळं मी कापलं नव्हतं, वयनी. देवाशपथ. तुमच्या देवाची हवी तर तीही."

तिने मान वर केली नाही. "तू तिसरो."

"काय तिसरा?"

"सकाळसावन तिसरो. दोग येवन गेले. 'वयनी, हांवें न्हय.' तू उशिरां उठता म्हणून तिसरो."

माझ्याआधी दोघे 'मी नव्हे' म्हणून गेले होते, आणि मला काही कळेना. तिने सुपाला झटका दिला.

"तुका कितें दिसलें, बाबलो? नुस्तें तुज्याच दारार लागतालें? वाड्यार सगळ्यांच्या दारार लागतालें. जो तो फांतोडेर उठून काडून व्हरतालो, लिपोवन. सगळे लिपोवन. तुजे भशेन."

"सगळ्यांना मासा? आणि सगळे लपवून नेत होते? कशाला?"

"मिसाक वतना ताणें पळयिल्लो, जाळ्याकडेन कोण उबो तो. ताका दिसलें, सुकयता, मजत करता. परतलो तेन्ना कळ्ळें." म्हणजे मिसाला जाताना तू त्याला जाळ्याजवळ बघितलं होतंस, रुजार. "माफ करपाचें तर ताच्या दारार नुस्तें व्हरपाचें. पूण एकाच दारार लायलें जाल्यार वाडो समजतलो मरे, कोण तो. म्हणून सगळ्यांच्या दारार. आमच्या घरा उरता तें उरता."

मी बांकावर बसलो. जाळं मांडीवर. तुझ्या घरात उरलेलं खाऊन, खोकत, उजाडायच्या आत तू सगळ्या वाड्याची गेटं फिरलास, एका माणसाची मान वर राहावी म्हणून. आणि त्यातला पहिला मासा मी मांजराला घातला. रुजार, असं काही करायचं असलं तर शेजाऱ्याला एक शब्द सांगावा. मी कोणाला सांगितलं नसतं. बरं, सांगितलं असतं.

"पार्वतीला ठाऊक होतं?"

"बायलांक सगळ्यांक ठावक. तुमका सांगून कितें करपाचें?"

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण स्वभाव जातो कुठे? मी जवळ सरकलो. "वयनी, कोण तो?"

"माकाय सांगूंक ना. घेवन गेलो."

"ते सकाळी येऊन गेलेले दोघे कोण?"

"तुका कित्याक?"

"नाही, म्हणजे, जो आला नाही तो... किंवा आलाय त्यातलाच एक..." मी बोटं मोडायला लागलो. मग एकदम आठवलं की मी कशासाठी आलो होतो. "आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही सगळे मलाच धरून आहात. मी त्या दिवशी तसं बोललो होतो, सगळ्यांसमोर. सगळे माझ्याकडे बघत होते!"

तू गेल्यापासून वयनी पहिल्यांदा हसली. सूप बाजूला ठेवलं, उठली, जाळं माझ्या मांडीवरून उचललं आणि माझ्या खांद्यावर टाकलं.

"तुज्याकडेन बघतालें, आतां आनी कितें बरळता म्हणून," ती म्हणाली. "जाळें कापूंक काळीज लागता, बाबलो. तुका देवान फकत तोंड दिलां."